गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली छोटी संस्था, देवराई आणि झर राखायचीय, पैसे कुठून आणि माणसं कशी जमवायची?

झरीवाट_सत्तरी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज विचारायचंय. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, अर्धा गाव इथे वाचतो आणि उरलेल्या अर्ध्याला स्क्रीनशॉट पाठवतो. आम्ही काही जणांनी मिळून रान राखायची एक छोटी संस्था काढलीय. सोसायटी म्हणून रजिस्टर झाली, बँकेत खातं आहे, पॅन आहे, आणि बाकी काही नाही.

काम असं की गावची देवराई आहे, तिच्यात एक झर बारा महिने वाहते आणि खालच्या कुळागरांना (माड-पोफळीच्या बागांना) तिचंच पाणी. झरीतला गाळ काढायचा, उन्हाळ्याआधी देवराईच्या कडेने पाला ओढून फायरलाईन, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळा पट्टा, मारायची, शाळेतल्या मुलांना रानात न्यायचं आणि आपल्याकडच्या झाडांची एक नर्सरी करायची. पाला उडवायचा ब्लोअर, शेडनेट, थोडी मजुरी असं धरून लाखभर तरी लागतील.

२०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या रानात आगी लागल्या तेव्हा नेव्हीचं हेलिकॉप्टर पाणी ओततंय ते सगळ्या गोव्याने टीव्हीवर बघितलं, पण खाली ओल्या फांद्या घेऊन आग झोडपायला गावचेच पोरगे होते आणि वर संशय पण गावावरच, काजूच्या बागा साफ करायला ह्यांनीच लावली म्हणून. तेव्हापासून डोक्यात होतं की आपलं आपण काहीतरी करूया.

पण पावती पुस्तक घेऊन दारात गेलो की पहिला प्रश्न, "हे वाघाचं काय रे?" म्हादई अभयारण्य १९९९ ला झालं, लोकांच्या हक्कांचे दावे अजून सुटले नाहीत, त्यात २०२३ ला हायकोर्टाने व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हणून सांगितलं, त्यामुळे रान राखणारे आले म्हटलं की लोकांना वाटतं ह्यांच्या मागून जमीन न्यायला कोणतरी येणार. मला त्यांची चूक वाटत नाही. पण मग माणसं कशी जोडायची? पणजीच्या एका ओळखीच्याने सांगितलं क्राउडफंडिंग कर, बाहेरून पैसा येईल, गाव मागाहून येईल. ते पटत नाही, पण दुसरं काही सुचत पण नाही.

रानमेवा

दादा, मी वाळपई बाजूची, आमचा बायकांचा सेल्फ हेल्प ग्रुप आहे. पावती पुस्तक आधी कपाटात ठेवा बघू, चतुर्थी होईपर्यंत तरी.

माटोळीपासून सुरुवात करा असं मी म्हणेन. चतुर्थीला गणपतीच्या वर माटोळी (फळं, फुलं, वेली टांगलेलं लाकडी छत) बांधत नाही असं हिंदूचं घर आपल्याकडे सापडणार नाही, आणि नारळ सुपारी सोडली तर तिचं निम्मं सामान रानातलं. ते गोळा करून वाळपई, फोंडा, म्हापशाच्या बाजारात विकणाऱ्या बायका तुमच्याच गावात असतील. कुठली वेल कुठल्या मळावर, ह्या साली फळ का कमी धरलं, हे त्यांना विचारा, तुमच्या संस्थेतल्या शिकलेल्या माणसांपेक्षा जास्त सांगतील. आमच्यातली एक म्हातारी सांगते की पूर्वी घराच्या मागे मिळायचं त्याला आता डोंगर चढून जावं लागतं, कारण काजू लावायला झुडपं साफ झाली आणि काही पोरं फळ तोडायच्या ऐवजी वेल मुळासकट ओढून आणतात. हे तिला कळतं, तिला वाघावर भाषण द्यायची काही गरज नाही.

मग तुमची नर्सरी ह्याच झाडांची करा. आम्ही पावसाच्या तोंडावर थोडी रोपं पिशवीत केली होती, तोरिंग, करमल, भिरंड (कोकम) आणि दोनतीन वेली, तर लोक कुंपणाला लावायला म्हणून घेऊन गेले, काही तर फोंड्याहून आले. रोप विकायचं हं, फुकट दिलेलं रोप कोण पाणी घालून जगवत नाही. त्यातून संस्थेला पैसे किती सुटतील? फार नाही. पण रोप नेलेला माणूस पुढच्या वेळी तुम्हाला ओळखतो आणि वाघाचं काय म्हणून विचारत नाही.

दुसरं म्हणजे स्टॉल. मे महिन्यात पणजीला कोकण फ्रूट फेस्ट असतो, पुरुमेताची फेस्तं (पावसाळ्याच्या बेगमीचे बाजार) असतात, जत्रा तर आहेतच. सोलां, फणसाचे चिप्स, आंब्याची साठां, हे बायका करतातच. पण मेहनतीचे पैसे बायकांचे, संस्थेला पाकिटामागे ठरलेले पाचदहा रुपये, आणि ते पाकिटावर लिहा. सगळे पैसे चांगल्या कामाला म्हणून बायकांकडून फुकट करून घेतलंत तर एकदा करतील आणि परत फोन उचलणार नाहीत.

आणि रागावू नका, पण कमिटीत बायका किती आहेत? चहा-फराळ करायला आम्ही आणि स्टेजवर बोलायला तुम्ही, असल्या संस्था आम्ही भरपूर बघितल्यात.

हिशेबी_फोंडा

मी अकाउंटचं काम करतो, त्यामुळे मी रुक्ष बोलणार.

सोसायटी रजिस्टर झाली म्हणून देणगीदाराला टॅक्समध्ये सूट मिळत नाही, त्याला ८०जी वेगळं लागतं आणि संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला १२ए. नव्या संस्थेला दोन्ही तात्पुरतं म्हणून सुरुवातीलाच मिळू शकतं, अर्ज ऑनलाईन आहे, करून टाका. (२०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे नंबर बदललेत पण बाजारात सगळे ८०जीच म्हणतात.) मात्र ८०जी मिळालं म्हणजे पैशांचा पाऊस पडेल असं समजू नका. नवी टॅक्स पद्धत घेतलेल्या माणसाला ही सूट मिळतच नाही आणि हल्ली पगारदार बहुतेक त्याच पद्धतीत आहेत. दोन हजारांच्या वर रोख दिली तरी सूट नाही. वर दर देणगीदाराचा पॅन घेऊन वर्षाअखेर आयकर खात्याकडे यादी भरायची असते, ती वेळेत भरली नाही तर दंड संस्थेला.

डबा ठेवणार असाल तर नाव नसलेली देणगी वेगळी मोजा. एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, ह्यातलं जे जास्त त्याच्या वर निनावी पैसा गेला तर वरच्या रकमेवर ३० टक्के टॅक्स. तुम्हाला आता लागणार नाही, पण माहीत असू दे.

आणि गावागावात लकी ड्रॉची कूपनं निघतात ना, पहिलं बक्षीस स्कूटर वगैरे. सगळे करतात हे मला माहीत आहे. तरीपण सरकारी परवानगीशिवाय तिकीट विकून सोडत काढणं हा गुन्हा आहे, आणि रान राखणाऱ्या संस्थेला दुष्मन लवकर मिळतात, त्यांच्या हातात आयतं कोलीत देऊ नका. त्यापेक्षा जत्रेच्या नाटकाला स्मरणिका काढा, जाहिराती घ्या, रीतसर पावती द्या, आपल्याकडे ती सवय लोकांना आहे.

किनारकर

पेडण्यातला. तुमचा प्रश्न वाचून आमच्याकडचं कासवांचं आठवलं. मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले अंडी घालतात, तिकडे काणकोणात गालजीबाग आणि आगोंदला पण. नव्वदच्या दशकापर्यंत सापडलेली अंडी खायची नाहीतर विकायची, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. मग राखण सुरू झाली ती वनखात्याने गावातल्याच माणसांना हाताशी घेऊन. घरटं कुठे आहे हे ज्याला आधी कळायचं त्यालाच राखणीला बसवला, म्हणून काम झालं. बाहेरून वॉचमन आणला असता तर रात्रीत अंडी गेली असती आणि वॉचमनचा टॉर्च पण.

पैशाच्या बाबतीत मात्र मला वेळासचं उदाहरण जास्त आवडतं, रत्नागिरी जिल्ह्यातलं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे २००२ ला काम सुरू केलं, २००६ पासून कासव महोत्सव. पिल्लं समुद्रात जाताना बघायला मुंबई पुण्याची माणसं येतात, गावकऱ्यांच्या घरात राहतात, जेवतात, आणि ते पैसे त्या घरात जातात. देणगी मागत फिरायला लागत नाही असं नाही, पण गावाला कासव असण्यात फायदा दिसतो. तुमच्याकडे पावसात रान बघायला, बेडूक, फुलपाखरं बघायला लोक यायला तयार असतात. दोनतीन घरांत जेवणाची सोय करून, बरोबर गावचा एक माणूस वाट दाखवायला, माणशी ठरलेली फी. फक्त झरीवर आंघोळीला आणि दारू घेऊन येणारं पब्लिक एकदा आलं की आवरत नाही, धबधब्यांवर काय चालतं ते माहीतच आहे, तेव्हा लोकेशन टाकू नका आणि ग्रुप छोटा ठेवा.

आमच्या एका ओळखीच्याने शॅकवर कासवांसाठी देणगीचा डबा ठेवलेला, चांगले पैसे जमायचे, फॉरेनर नोटा टाकायचे.

हिशेबी_फोंडा

किनारकर, त्या डब्याबद्दल बोलायलाच हवं, कारण गोव्यात हा घोळ सगळीकडे आहे. परदेशी नागरिकाने भारतात उभं राहून रुपयात दिले तरी ती विदेशी देणगीच. एफसीआरए (विदेशी देणगीचा कायदा) खाली रजिस्ट्रेशन किंवा आधी घेतलेली परवानगी नसेल तर संस्थेला एक रुपया पण घेता येत नाही, इतक्या रकमेपर्यंत चालतं असली सूट कायद्यात नाही. आणि ते रजिस्ट्रेशन नव्या संस्थेला सहज मिळत नाही, साधारण तीन वर्षांचं काम आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर १५ लाख खर्च दाखवावा लागतो, खातं पण दिल्लीच्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच.

स्विंडनचो

मी मूळ दिवचलचा, आता इंग्लंडात. झरीवाट बाब, तुमचं वाचून बरं वाटलं, मला दहा हजार पाठवायचेत, अकाउंट नंबर द्या. माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, ओसीआय (मूळ भारतीयांना मिळतं ते) कार्ड पण आहे, माझं एनआरओ खातं (परदेशी राहणाऱ्यांचं रुपयातलं खातं) गोव्यातच आहे. मी तर गोंयकार, मी फॉरेनर कसा?

हिशेबी_फोंडा

मनाने गोंयकार, कायद्याने पोर्तुगीज. ओसीआय असलात तरी तुमचा पैसा विदेशीच धरतात, मग तो म्हापशाच्या बँकेतून येऊ दे की स्विंडनहून. तुमच्या शेजारी राहणाऱ्या माणसाकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा चालतो. म्हणून संस्थेने पावती फाडण्याआधी नागरिकत्व विचारायचं, गोव्यात तर हमखास, अर्ध्या गावाचं कोण ना कोण लंडनला आहे. आणि कृपा करून भावाच्या खात्यात घालून त्याच्या नावाने देतो असलं काही करू नका, ते त्याहून वाईट.

दिवचल_डायरी

एवढं छोटं छोटं कशाला जमवत बसताय, कंपन्यांकडे जा ना. कंपनी कायद्याच्या १३५ कलमात पर्यावरण बसतं, मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के अशा कामांवर (सीएसआर म्हणतात ते) खर्च करावेच लागतात. आपल्याकडे खाणवाले आहेत, फार्मा कंपन्या आहेत, हॉटेलं आहेत. एका चेकमध्ये तुमचा लाख सुटला. लोकांच्या दारात जाऊन शंभर-शंभर रुपये मागायचे आणि वर त्यांचं बोलणं खायचं.

घाटाखालचा

खाणीचे पैसे घेऊन झर राखणार? सत्तरी-दिवचलच्या किती गावांत खाणींमुळे विहिरी आटल्या, शेतात माती उतरली, हे काय आम्ही पुस्तकात वाचलेलं नाही. २०१२ ला खाणी बंद झाल्या, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या, आता परत चालू होतायत. उद्या तुमच्या गावाच्या वरती लीजची सुनावणी लागली तर संस्थेचा बोर्ड कंपनीच्या नावाचा, मग तुम्ही कुठल्या तोंडाने बोलणार?

दिवचल_डायरी

भावनेने बोलू नका. खाणी बंद होत्या तेव्हा ट्रकवाल्यांच्या घरात काय चाललं होतं ते पण मी बघितलंय. पैशाला वास नसतो, काम झालं म्हणजे झालं.

हिशेबी_फोंडा

भांडण थांबवतो, कारण तो चेक तसा मिळणारच नाही. सीएसआर घ्यायला संस्थेला १२ए, ८०जी, सीएसआर-१ चा नंबर आणि कमीत कमी तीन वर्षांचा कामाचा रेकॉर्ड लागतो. ह्यांची संस्था नवी. तीन वर्षांनी भांडा.

घाटाखालचा

ठीक. पण कोणाचे घेणार आणि कोणाचे नाही हे आत्ताच कमिटीत ठराव करून लिहून ठेवा, इलेक्शन जवळ आलं की आमदारकीला उभा राहणारा आपणहून चेक घेऊन येतो, ब्लोअर देतो, आणि ब्लोअरवर फोटो. त्यावेळी नाही म्हणायला कागद हाताशी असलेला बरा.

आता वाघाचं. ते टाळून तुमचं काम होणार नाही. २०२० च्या जानेवारीत गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले, सगळ्या देशात बातमी झाली, आम्हाला सगळ्यांनी खुनी ठरवलं. मारलं ते वाईटच, मी त्याचं समर्थन करत नाही. पण त्याआधी गुरं मारली गेली होती हे किती जणांनी लिहिलं? दुभती म्हस गेली तर त्या घराचा महिन्याचा हिशेब त्याच दिवशी कोसळतो, आणि सरकारी भरपाई पंचनामा, फोटो, फाईल करत येते तेव्हा येते. कॉर्बेटच्या बाजूला द कॉर्बेट फाउंडेशन आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ मिळून एक करतात, वाघाने किंवा बिबट्याने गुरू मारलं की सरकारी भरपाई यायच्या आधी थोडी तातडीची रक्कम त्या घरात पोचवतात, म्हणजे रागाच्या भरात मेलेल्या जनावरावर विष टाकलं जात नाही. तुमच्या लाखातले दहावीस हजार असे बाजूला ठेवा. एकदा जरी त्याच आठवड्यात कोणाच्या घरी पाच हजार पोचले तर तुमच्या पावती पुस्तकाला गावात किंमत येईल. आणि सोबत बसून त्याचा अर्ज भरून द्या, अर्ज भरता येत नाही म्हणून भरपाई बुडालेली घरं मला माहीत आहेत.

रानमेवा

घाटाखालचा, हे पटलं. आमच्या वाड्यावर बिबट्याने कुत्रे नेले तेव्हा कोण विचारायला पण आला नव्हता.

महाजन_जुना

थोडं उशिराच लिहितोय. दोन गोष्टी कोणीच विचारल्या नाहीत. देवराई कोणाच्या नावावर आहे? फॉर्म एक-चौदा (आपला सातबारा) काढून बघा. देवस्थानची असेल तर महाजनांच्या (देवस्थानच्या पिढीजात सभासदांच्या) बैठकीत विषय घालावा लागेल, वनखात्याची असेल तर रेंज ऑफिसची लेखी परवानगी, आणि अभयारण्याच्या आत असेल तर त्यांच्याशिवाय फावडं सुद्धा मारू नका, चांगल्या हेतूने फायरलाईन मारणाऱ्यावर पण केस होऊ शकते. सर्वेत खाजगी नाव निघालं तर मग गोड बोलायची तयारी ठेवा.

दुसरं, देवराईत काय चालतं काय नाही हे गावाचं आधीच ठरलेलं असतं. आमच्याकडे सुकी काठी पण आत पडलेली आतच कुजते, चपला बाहेर, आणि राखणदाराला सांगितल्याशिवाय आत काम नाही. तुम्ही ब्लोअर घेऊन थेट घुसलात आणि त्याच साली गावात कोण आजारी पडलं तर संपलं. कामाच्या दिवशी आधी नारळ ठेवा, गावकारांना बोलवा, त्यांच्या हातून गाऱ्हाणं घाला. विश्वास असो नसो. आपल्याकडे बांबरची निरंकाराची राय (देवराई) अजून उभी आहे, तिच्यातली रानजायफळाची दलदल बघायला शास्त्रज्ञ लांबून येतात, ती इतकी वर्षं टिकली ती देवाच्या धाकाने.

आणि पंचायतीत जैवविविधता समिती असते, कायद्याने दर पंचायतीला आहे, बहुतेक ठिकाणी कागदावरच. तिला स्वतःचा निधी ठेवता येतो. ग्रामसभेत उठून विचारा की आपल्या समितीत कोण आहेत आणि लोकजैवविविधता नोंदवही कुठे आहे. सेक्रेटरीला घाम फुटेल. पण तुमचं काम त्या नोंदवहीला जोडून घेतलंत, रानमेवा ताई म्हणतात त्या बायकांची माहिती तिच्यात घातलीत, तर पंचायतीला तुम्ही परके वाटणार नाही.

झरीवाट_सत्तरी

देव बरें करूं सगळ्यांना, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. रात्री कमिटीच्या ग्रुपवर सगळं टाकलं आणि बारा वाजेपर्यंत वाद चालला.

आत्तापुरतं ठरलं ते असं. एक-चौदा तलाठ्याकडून काढतोय. काम झरीच्या गाळापासून सुरू करायचं, कारण त्यात कुणाचंच दुमत नाही, कुळागरवाल्यांना पाणी हवंय, ते स्वतः माणसं देतो म्हणाले, मग मजुरीचे पैसे वाचले. रविवारी सकाळी, नारळ ठेवून, आणि नंतर सगळ्यांना पेज. जमा-खर्च दर महिन्याला दुकानाच्या बाजूच्या फळ्यावर खडूने लिहायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, तिथे म्हातारी माणसं नाहीत. गुरांच्या निधीवर कमिटीत दोन तट आहेत, एक जण म्हणतो पाच हजाराचं नाव ऐकून लोक मेलेलं प्रत्येक वासरू आपल्याकडे आणतील. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, वनखात्याचा पंचनामा झाला तरच द्यायचे असं करावं का? खाण आणि राजकारणी दोघांचे नको हा ठराव मात्र हात वर करून झाला, दिवचल_डायरी राग मानू नका. आणि हो, कमिटीत दोन बायका घेतल्या, त्यातली एक माटोळीवाली. तिने पहिल्याच बैठकीत विचारलं की ब्लोअर कशाला, आम्ही खराट्याने काढतो त्याला किती देणार ते सांगा.

एकच राहिलं. जत्रेत रोपांचा स्टॉल लावणार, तिथे संस्थेचा क्यूआर चिकटवला तर चालेल ना?

घाटाखालचा

पंचनाम्याची अट बरोबर आहे, ती ठेवाच. वासरू रोगाने मेलं की जनावराने मारलं ते त्यात कळतं.

हिशेबी_फोंडा

क्यूआर संस्थेच्याच खात्याचा हवा, खजिनदाराच्या गुगल पे चा नको, कितीही प्रामाणिक असला तरी. रोपाचे पैसे आणि देणगी वेगळी वेगळी लिहा, दिवसाच्या शेवटी दोघांनी मोजून सही करायची. आणि देणगीच्या क्यूआरखाली ठळक लिहा, फक्त भारतीय नागरिकांसाठी.

स्विंडनचो

म्हणजे मी जत्रेला आलो तरी मला काही देता येणार नाही?

रानमेवा

देता येत नसेल तर पेज वाढायला या, तिथे माणसं कमीच पडतात.